नोरीनच्या बागेतला टब आणि काळ्या

मी एक जुना लोखंडी टब आहे, मित्रांनो. आंघोळीचा. निदान जन्माला आलो तेव्हा तरी आंघोळीचा होतो. आज माझ्या पोटात सोनमासे फिरतात, कमळाची पानं कुजतात आणि पावसाळी संध्याकाळी बेडूक गोंधळ घालतात. टबाला स्वतःचं काही ठरवता येत नाही. लोक ज्याने भरतील त्याने भरायचं आणि गप्प बसायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका उन्हाळ्यात एका सापापायी माझी भंगारात रवानगी व्हायची वेळ आली होती. ती हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म सिडनीतल्या लोखंड ओतायच्या एका कारखान्यात झाला. रसरशीत लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर आतून पांढऱ्याशुभ्र इनॅमलचा थर दिला आणि खाली चार पाय बसवले. सिंहाच्या पंजासारखे पाय होते ते. त्या वेळी मला त्यांचा फार तोरा होता. हे पाय जरा लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

तिथून रेल्वेने आणि मग दुधाचे कॅन वाहणाऱ्या लॉरीने मी उत्तरेकडच्या डोंगराखालच्या या खोऱ्यात आलो. क्विल्टींच्या घरात. घर लाकडी, छप्पर पत्र्याचं, आणि पाणी म्हणजे त्या छपरावरून टाकीत उतरेल तेवढं. त्यामुळे मला एकदा भरलं की सगळ्या घराची आंघोळ उरकायची. आधी घरातला मोठा माणूस, मग बाई, मग मुलं वयाप्रमाणे. उरलेलं पाणी बादलीने भोपळ्याच्या वेलाला. पुढे या घरातल्या डेसचं लग्न झालं, नोरीन सून म्हणून आली आणि त्यांना मुलं झाली. धाकटी लोरेल. तिचा नंबर शेवटचा. तिच्या वाट्याला पाणी यायचं तोवर ते चहासारखं दिसायचं, पण ती हूं की चूं करत नसे. पत्र्याची एक होडी घेऊन बसायची आणि हाका मारल्या तरी बाहेर यायची नाही. त्या होडीनेच माझ्या काठाचा एक टवका उडवला. नोरीनने तिला धपाटा घातला होता तेव्हा. टवका अजून आहे.

मग घरात शॉवर आला. मला चौघांनी उचलून गाईंच्या कुरणात नेऊन ठेवलं. तिथे मी गाईंना पाणी पाजायचो. गाई चांगल्या असतात, पण त्यांना माणसांसारखी लाज नसते. पाणी पितात आणि तिथेच बाकीचंही उरकतात. एका बैलाला अंग खाजवायची खोड होती. तो रोज मला घासायचा. एक दिवस त्याने जरा जास्तच जोर लावला आणि माझा एक पाय मोडून चिखलात गेला. डेसने तिथे विटा लावल्या. मी तसाच तिरका उभा राहिलो, किती वर्षं ते मला आठवत नाही. तेवढ्या काळात कुणी माझं कौतुक केलं नाही आणि कुणी धुतलंही नाही.

डेसचे गुडघे गेले तशा गाई विकल्या. कुरण रिकामं झालं. मला वाटलं, आता गंजत पडायचं. पण नोरीनला सोनमाशांची हौस होती. डेसने मला ट्रॅक्टरला बांधून घराकडे आणलं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली खड्डा खणला आणि काठापर्यंत जमिनीत पुरलं. तळाचं भोक सिमेंटने बुजवलं. काठाभोवती ओढ्यातले गोटे रचले. कमळाचं रोप सोडलं, बेडकांना चढायला एक फांदी आडवी टाकली आणि नोरीनला हाक मारली.

"बघ, झालं तुझं तळं. आता मला चहा."

नोरीनने चहा केला आणि दोघं माझ्या काठाशी बसून प्यायले. डेस त्यानंतर दोनच हिवाळे काढून गेला. नोरीन मात्र रोज सकाळी चहाचा कप आणि टोस्टच्या कडा घेऊन यायची, खाली वाकायची आणि माशांना चुरा घालायची. एक लठ्ठ मासा होता, त्याचं तोंड सदा उघडं. त्याला ती नगराध्यक्ष म्हणायची. जमिनीत पुरल्यामुळे मला आभाळाशिवाय फारसं काही दिसायचं नाही, बाकीचं कानावर पडेल तेवढं. त्या आभाळात सकाळी नोरीनचा चेहरा यायचा. मला तेवढं पुरत होतं.

आता सापाचं सांगतो. पाणी आलं की बेडूक येतात, आणि बेडूक आले की साप येतोच. त्यात डेसने रचलेले गोटे उन्हाने छान तापायचे आणि त्यांच्या फटी सापाला हव्या तशा होत्या. एका उन्हाळ्यात तो आला. वरून चकचकीत काळा, खालच्या कडेला लाल. आमच्याकडे हा साप ओळखीचा आहे. विषारी आहे, कुत्र्याचा जीव घेतो, पण माणसाची चाहूल लागली की आधी तोच सटकतो. नोरीनने त्याला खिडकीतून पाहिलं आणि नाव ठेवलं काळ्या.

तो संथपणे माझ्या पाण्यात उतरायचा, एक फेरी मारायचा आणि एखादा बेडूक उचलून जायचा. खोटं बोलणार नाही, एक-दोन मासेही त्याने खाल्ले. पण खरा चोर दुसराच होता. खंड्याच्या जातीचा, पण दांडगा आणि खो-खो हसणारा कुकाबुरा. तो तारेवर बसून टपायचा आणि दिवसाढवळ्या मासा उचलायचा. त्याला घाबरवायला नोरीनने इथली सगळी माणसं करतात तेच केलं. दुकानातून रबरी साप आणला आणि माझ्या काठावर ठेवला. काळाच. पक्षी हुशार असतात, साप हलत नाही हे त्यांना कळतं. म्हणून नोरीन दर एक-दोन दिवसांनी तो उचलून दुसरीकडे ठेवायची.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या सकाळी नोरीन चष्मा न लावता आली. ऐंशीच्या घरातली बाई. चष्मा स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर राहिला होता. गोट्यांवर काळं काहीतरी ऊन खात पडलं होतं. रबरी साप आदल्या दिवशीच्या वाऱ्याने पलीकडे गवतात पडला होता, हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. टबाला ओरडता येत असतं तर मी साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

"चला, बाबा," ती म्हणाली, "आज तुमची बदली." आणि तिने काळ्याला मधोमध धरून उचललं.

काळ्या हलला. नोरीनने हात सोडला. तो माझ्या पाण्यात पडला, सरळ रेष काढत पलीकडे गेला आणि गोट्यांत शिरला. चावला नाही. नोरीन मागच्या मागे गवतात बसली. आधी तिला हसू आलं. मग ती उठायला गेली, तर उठता येईना. गुडघे मुडपत नव्हते आणि धरायला काही नव्हतं. माझा काठ जमिनीलगत, गोटे सैल. ती तशीच बसून राहिली. सूर्य वर आला.

शेजारचा क्लॅरी रोज सकाळी कुंपणापलीकडून एक चक्कर मारतो. नोरीन जिवंत आहे का ते बघायला, असं तो तिच्या तोंडावर सांगतो. त्या दिवशी तो आला तेव्हा ती तिथेच होती.

"काय गं नोरीन, सहलीला बसलीयस का?"

"दात काढू नकोस. हात दे आधी."

क्लॅरीने तिला उठवलं. तिने काय झालं ते सांगितलं. क्लॅरीचा चेहरा उतरला.

"हातात धरलास? अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? थांब, फावडं आणतो."

"फावड्याला हात लावलास तर बघ. माझ्या हातात होता आणि चावला नाही तो. तू असतास तर चावला असतास."

"अगं, पण हा पुन्हा येईल!"

"येऊ दे. काळा साप असला की तो जास्त विषारी तपकिरी साप जवळ येत नाही, हे तूच सांगत असतोस ना पबमध्ये?"

क्लॅरी खरंच तसं सांगत असे. तो घरी गेला, डांबराच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आला आणि माझ्या काठाभोवती मांडू लागला. त्या वासाने साप पळतात म्हणे. नोरीनने एकेक गोळी वेचून त्याच्या टोपीत टाकली.

"ही अक्कल तुझ्या मोज्यांच्या कपाटात ठेव. माझे मासे मारशील."

क्लॅरी गेला, पण घरी जाऊन त्याने लोरेलला फोन केला. ती आता किनाऱ्यावरच्या गावात राहते, गाडीने तासाभराच्या वाटेवर. दर रविवारी आईकडे जेवायला येते. त्या रविवारी ती आली ती गाडीचं दारही न लावता थेट माझ्यापाशी.

"आई, तू सापाला हातात धरलंस!"

"धरलं कसलं? उचलून बाजूला ठेवत होते."

"चष्मा कुठे होता?"

"नाकावर नव्हता एवढं खरं."

लोरेल हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हा टब इथून जाणार. पुढच्या रविवारी मी ट्रेलर घेऊन येते. भंगारात टाकू. नाहीतर तू माझ्याकडे राहायला चल. यातलं एक काहीतरी."

मित्रांनो, भंगार हा शब्द आम्हा लोखंडाच्या वस्तूंना कसा लागतो ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मला फार भीती वाटली.

नोरीनने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझा बाप गेला. गाई गेल्या. टबही घेऊन जा. मग सकाळी उठून मी बाहेर कशाला यायचं, तेवढं सांग."

लोरेल गोट्यावर बसली. तिला आईला दुखवायचं नव्हतं. तिला नुसती भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती. शेवटी तिने मधला मार्ग काढला. पीचची फळं वाघळांपासून राखायला झाडावर टाकतात ती पातळ नायलॉनची जाळी तिने शेडमधून आणली. माझ्या तोंडावर ताणून बसवली, चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या आणि पक्क्या गाठी मारल्या. आईच्या गळ्यात चष्म्याची दोरी अडकवली. रबरी साप कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"ही शेवटची संधी, आई. या टबात पुन्हा साप दिसला तर टब जाणार. कबूल?"

"कबूल," नोरीन म्हणाली. लोरेलची गाडी गेल्यावर तिने रबरी साप डब्यातून काढून खिडकीत ठेवला.

जाळी बसली आणि मी वाचलो असं मला वाटलं. कुकाबुरा येऊन जाळीकडे बघायचा आणि हसतच परत जायचा. मासे सुखरूप होते. पण मला त्या जाळीखाली करमेना. आभाळाचे बारीक चौकोन झाले. टोस्टचा चुरा जाळीतच अडकायचा आणि त्याला मुंग्या लागायच्या. एक चतुर तिच्यात अडकून दोन दिवस फडफडला आणि मेला. नोरीनने वाकून तो सोडवायचा प्रयत्न केला होता, पण धागे इतके बारीक की तिच्या बोटांना सापडेनात.

बेडूक मात्र जाळीच्या भोकांतून आतबाहेर करायचे. आणि बेडूक आत असताना काळ्या बाहेर थांबेल कसा?

नाताळाआधीचा रविवार होता. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. सकाळपासूनच ऊन चटके देत होतं. काळ्या गोट्यांतून निघाला, माझ्या काठाशी आला आणि त्याने एका चौकोनात डोकं घातलं. डोकं गेलं. मान गेली. मग जाड पोट आलं आणि धागा आवळला. त्याने मागे यायचा प्रयत्न केला, पण सापाचे खवले शेपटीकडे वळलेले असतात. मागे सरला की प्रत्येक खवल्याखाली धागा शिरायचा. तो पुढे गेला, वळला, दुसऱ्या चौकोनात शिरला. जितका धडपडला तितका गुंतला. शेवटी अर्धा जाळीत आणि अर्धा गोट्यांवर, असा उन्हात थकून पडला.

नोरीन चहा घेऊन आली. चष्मा डोळ्यांवर होता. ती लांबच थांबली.

"अरे देवा, काळ्या. हे काय करून घेतलंस?"

तिच्या पाठोपाठ क्लॅरी आला आणि या वेळी त्याच्या हातात फावडं होतं.

"बरं झालं. आयताच सापडला. सरक बाजूला."

"नाही सरकत."

"नोरीन, आता हा चिडलेला आहे. इतके दिवस तू आलीस की तो पळायचा. आता त्याला पळताच येत नाही. आता चावेल हा."

"म्हणून तर म्हणतेय, लांब उभा राहा. पळू न शकणाऱ्याला मारून काय फुशारकी मारणार पबमध्ये?"

क्लॅरीने फावडं खाली टेकलं. तेवढ्यात लोरेलची गाडी आली. मागे ट्रेलर नव्हता, पण मला तो दिसल्यासारखा झाला. लोरेल जवळ आली, तिने जाळी पाहिली, साप पाहिला आणि जागच्या जागी उभी राहिली.

शेवटची संधी संपली होती. साप टबातच होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी लोरेलच्या तोंडाकडे बघत होतो. बोलली मात्र नोरीन.

"कबूल केलं होतं, ते केलं होतं. टब ने तू. मी शब्दाने अडवणार नाही. पण आधी याला सोडव. उन्हात मरेल हा, लोरेल. त्याची चूक काही नाही."

माझ्याच डोळ्यांसमोर माझा निकाल लागला, मित्रांनो. आणि सांगायला हरकत नाही, मला तिचा राग आला नाही. काळ्याचा श्वास मला जाणवत होता. त्याचं अंग माझ्या काठावर टेकलेलं होतं आणि ते तव्यासारखं तापत चाललं होतं.

लोरेलने फोन काढला आणि सर्पमित्र शोधून काढला. टॅम्सिन नावाची बाई होती. खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होती, यायला वेळ लागणार होता. "जवळ जाऊ नका, सोडवायला जाऊ नका, सावली करा आणि लांबून पाणी मारा," एवढं तिने फोनवर सांगितलं.

लोरेलच्या गाडीत समुद्रावर न्यायची मोठी छत्री होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. तिने ती उघडली, लांब दांड्याच्या टोकाला धरली आणि हात ताणून काळ्यावर सावली केली. सापाला ती लहानपणापासून घाबरते. नोरीन झारीने लांबून पाणी शिंपडत होती. क्लॅरी बादली पालथी घालून फावडं मांडीवर आडवं ठेवून बसला.

"सत्तरी ओलांडली मी," तो म्हणाला, "पण सापाला छत्री धरलेली आजच पाहिली. त्याला थंड बिअर हवी का विचारा."

"त्यापेक्षा तू चहा कर," नोरीन म्हणाली. "तेवढं येतं ना?"

क्लॅरी कुरकुरत आत गेला आणि खरंच चहा करून घेऊन आला.

छत्री धरून लोरेलचा हात भरून आला. छत्री न सोडता ती सापापासून दूर, माझ्या दुसऱ्या टोकाशी टेकली. तिथे टवका उडालेला आहे. तिच्या बोटाला तो लागला. तिने खाली पाहिलं.

"आई, हा मी पाडला होता ना? होडीने?"

"हो. आणि वर म्हणाली होतीस, दादाने केलं."

"माझा नंबर शेवटचा असायचा. पाण्यात सगळ्या कुरणाचा चिखल असायचा."

"म्हणून तर तुझी प्रकृती चांगली राहिली."

लोरेल हसली. मग तिचा आवाज बदलला. "आई, मला सापाची भीती नाही गं. म्हणजे आहे. पण त्या दिवशी तू खाली बसलीस आणि तुला उठता आलं नाही. क्लॅरी आला नसता तर? मला रात्री झोप लागत नाही. मी साप साप करते, पण मला दिसते ती तू, गवतात बसलेली."

नोरीनची झारी थांबली. "हे आधी नाही का बोलायचंस?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," नोरीन म्हणाली. आणि पुन्हा पाणी शिंपडू लागली.

टॅम्सिन आली. तिने काळ्याचं डोकं एका पारदर्शक नळीत अलगद घेतलं, क्लॅरीला नळी धरायला लावली आणि बोथट टोकाच्या कात्रीने एकेक धागा कापत बसली.

"जाळी कुणी बांधली?" टॅम्सिनने मान वर न करता विचारलं.

"मी," लोरेल म्हणाली.

"गाठी पक्क्या मारता तुम्ही."

शेवटचा धागा खवल्याखाली रुतला होता, तोही निघाला. कातडीवर ओरखडे होते, खोल जखम नव्हती. टॅम्सिनने काळ्याला पिशवीत घातलं. "खाली ओढ्याला सोडते. फार लांब सोडायचा नसतो, त्याला नवी जागा मानवत नाही. म्हणजे हा परत येईल, हे तुम्हाला सांगून ठेवते. इथे पाणी आहे, बेडूक आहेत, दगडात घर आहे."

ती गेल्यावर लोरेलने जाळीचे उरलेले तुकडे गोळा केले, एकही धागा गवतात राहू दिला नाही. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"टब काढायचा," ती म्हणाली. "क्लॅरी, तुझा ट्रॅक्टर शनिवारी मिळेल का?"

नोरीनने मान डोलावली आणि ती आत गेली.

तो आठवडा मला कसा गेला ते मी सांगत बसत नाही. शनिवारी मासे बादल्यांमध्ये गेले. नगराध्यक्ष बादलीतूनही तोंड उघडून बघत होता. पाणी उपसलं, गोटे बाजूला झाले, साखळी बांधली. ट्रॅक्टरने मला मातीतून उपसलं तेव्हा जुना चिखल धपकन खाली पडला. माझे तीन पंजे कित्येक वर्षांनी उघड्यावर आले. मी ट्रेलर शोधत होतो. ट्रेलर कुठेच नव्हता.

"हळू घे," लोरेल ओरडली. "भिंतीशी. खिडकीच्या बाजूला. आणि मोडक्या पायाखाली त्या विटा सार."

मला तिथेच, स्वयंपाकघराच्या भिंतीशी, माझ्या पायांवर उभं केलं. चौथ्या पायाच्या जागी पुन्हा विटा. नोरीन दारात उभी राहून बघत होती. लोरेल तिला म्हणाली, "आता तुला वाकायला नको. उभ्याने चुरा घाल. याच्या गुळगुळीत अंगावरून साप वर चढणार नाही, आणि काठावर काही असलं तर तुझ्या डोळ्यांसमोर असेल. आणि आई, तोल गेला तर धरायला काठ आहे. हा हलणार नाही. चौघांना उचलताना घाम फुटायचा याला."

माशांसाठी वर एक लाकडी चौकट बसवली. तिला जाड तारेची जाळी आहे, बोट आत जाणार नाही इतक्या बारीक भोकांची, त्यामुळे कुकाबुराची सोय संपली. चुरा घालायला तिचं अर्धं झाकण उघडतं. डेसचे गोटे क्लॅरीने हातगाडीने ओढ्याकडच्या कुंपणापाशी नेले आणि नोरीनने तिथे मातीचं एक पसरट भांडं पाण्याने भरून ठेवलं. बेडूक आधी रुसले. मग अर्धे तिकडे गेले आणि अर्धे, ज्यांना चढता येतं ते, माझ्यापाशीच राहिले. ते माझ्या पायांमध्ये झोपतात आणि पाऊस आला की काठावर येऊन ओरडतात.

टॅम्सिन म्हणाली होती तसा काळ्या परत आला. उतरत्या उन्हात तो कधी कधी माझ्या पोटाखालून, सावलीतून जातो. क्षणभर थांबतो. ओरखड्यांची खूण आता दिसत नाही, त्याने कातही टाकली आहे. नोरीन खिडकीतून बघते आणि दार उघडत नाही. तो कुंपणाकडे गेला की मगच ती बाहेर येते. रबरी साप खिडकीत लटकतो आहे आणि क्लॅरी अजूनही त्याला दचकतो.

मित्रांनो, मी टब आहे, मला उपदेश करता येत नाही. पण एवढं मागून घेतो. बागेत पाणी ठेवाल तेव्हा त्यावर कुणाकुणाला यावंसं वाटेल याचा आधीच विचार करा. झाडावर किंवा तळ्यावर जाळी टाकाल तर आधी तिच्या भोकात बोट घालून बघा. बोट गेलं तर त्यात कुणाचं तरी डोकंही जाईल. दगडांची रास दाराशी रचू नका. साप दिसला तर त्याची वाट मोकळी सोडा, आणि अडकला असेल तर सोडवणाऱ्याला बोलवा. आणि घरातलं म्हातारं माणूस कशाला धरून उठतं, ते एकदा नीट बघून ठेवा.

आता मला आभाळ कमी दिसतं. त्याऐवजी खिडकी दिसते, दार दिसतं, खाली ओढ्यापर्यंतचं कुरण दिसतं. सकाळी नोरीन चहाचा कप माझ्या काठावर ठेवते. नगराध्यक्षाला चुरा घालते. मग टवका उडालेल्या जागी हात टेकते, सगळा भार माझ्यावर टाकते आणि उभी राहते. ओझं तसं फार नाही, पण मी ते जपून धरतो.